पाठराखीण आणि साक्षीदार

माझ्या खोलीत येणारे पाहुणे अलीकडे खुर्चीत टेकतात न टेकतात तोच समोरच्या भिंतीकडे पाहतात आणि विचारतात, "येथे पूर्वी काहीतरी टांगलेले होते, नाही?" भिंतीचा रंग जुना झाला आहे, त्यात हातभर लांबीचा एक चौकोन तेवढा कोरा करकरीत राहिला आहे. त्या जागी सहा वर्षे एक छायाचित्र होते. काळ्या रात्री पंधरावीस हिरवे चंद्र एकदम उगवावेत तसे ते दिसे, आणि कलेची जाण असलेल्या मंडळींना ते एखाद्या नव्या चित्रकाराचे काम वाटे. वास्तविक ते मानवी पेशींचे चित्र होते, आणि ते चंद्र म्हणजे त्या पेशींची केंद्रके. ते चित्र मी स्वतःच्या हातांनी खाली उतरवले. त्याची हकीकत सांगावयाची तर प्रयोगशाळेपासून आरंभ करून भागणार नाही. माझ्या आत्यापासून करावा लागेल.

आत्या कोवळ्या वयातच विधवा होऊन माहेरी परतली होती. आमच्या वाईकडच्या गावात कोणाच्याही मुलीचे लग्न झाले आणि मुलगी सासरी निघाली, की पाठराखीण म्हणून आत्यालाच बोलावणे येई. ही चाल आता ज्यांच्या घरांतून गेली असेल त्यांच्यासाठी सांगतो : नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरचे एक जाणते माणूस जात असे, आणि मुलगी त्या परक्या घरात जरा रुळली म्हणजे ते परत येत असे. आत्या या कामात निष्णात होती. ती नवरीला उपदेश म्हणून कधी करीत नसे. स्वयंपाकघरात तिच्याजवळ नुसती बसून असावयाची. मुलगी भलत्याच डब्याला हात घालू लागली की हलकेच खाकरावयाची. सासूच्या बोलण्याला धार येत आहे असे दिसले की स्वतःच्या गुडघेदुखीचा विषय काढून ते बोलणे आपल्याकडे वळवून घ्यावयाची. तीनचार दिवसांत मुलीचा चेहरा निवळे आणि आत्या आपले गाठोडे बांधी. त्या संसारात पुढे तिचे नावही कोणी काढीत नसे. गावातल्या कितीतरी घरांत लग्नातली छायाचित्रे मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकातही आत्या नाही.

मी पाचसहा वर्षांचा असताना आत्या मला बरोबर नेऊ लागली. माझा तेथे काय उपयोग, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आग्रहाचा मुक्काम लांबू लागला की आत्या माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघे आणि मला आईची आठवण होऊन रडू येई. "पोर हिरमुसलंय हो, आता निघायला हवं," असे म्हणून ती उठे. पाठराखिणीलाही एक पाठराखा लागतो, आणि तिने किती राहावे व केव्हा निघावे हे पुष्कळदा तो ठरवतो, ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्यापूर्वी पंचवीस वर्षे स्वतःच करून चुकलो होतो.

पुस्तकातली गोष्ट अशी. आपल्या पेशीत प्रथिने तयार होतात ती एखाद्या लांब दोऱ्यासारखी, आणि तो दोरा नेमक्या घडीत दुमडला गेला तरच प्रथिन कामाचे ठरते. ही घडी कशी असावी याची आज्ञा त्या दोऱ्यातच लिहिलेली असते, हे ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनी दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आज्ञा असणे निराळे आणि ती बाजारगर्दीत पाळता येणे निराळे. पेशीचा अंतर्भाग म्हणजे जत्राच. अर्धवट घडी झालेला दोरा शेजारच्या दोऱ्यात गुंतला की दोन्ही वाया जातात. म्हणून पेशीत काही प्रथिने नुसती सोबतीच्या कामाला असतात. 1978 मध्ये रॉन लॅस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका प्रथिनाला 'चॅपरोन' म्हटले. 1987 मध्ये जॉन एलिस यांनी ते नाव सगळ्या वर्गाला लावले. इंग्रजांची चॅपरोन म्हणजे अविवाहित मुलीबरोबर नाचाच्या समारंभास जाणारी प्रौढ बाई. तिचे लक्ष मुख्यतः मुलगी नको त्या तरुणाच्या हाती लागू नये याकडे. आमची पाठराखीण लग्न झाल्यानंतर जाते आणि मुलगी नव्या घरात नीट बसावी हे पाहते. माझ्या मते शास्त्रज्ञांनी वाईकडचे एखादे लग्न पाहिले असते तर त्यांनी आमचाच शब्द घेतला असता. कारण ज्या पाठराखिणीविषयी मी लिहीत आहे, ती जवळजवळ घडत आलेल्या प्रथिनालाच शेवटचा हात देते.

तिचे नाव एचएसपी-90. उष्णतेचा धक्का बसला की पेशी ज्या प्रथिनांची धावपळीने भर घालतात त्यांपैकी ती एक. या धक्क्याचा पहिला सुगावा इटलीत फेरुच्चो रितोसा यांना एका चुकीने लागला. फळमाश्या ठेवलेल्या पेटीचे तापमान कोणीतरी वाढवून ठेवले, आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसू लागले. 1962 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. एचएसपी-90 मात्र शांततेच्या काळातही पेशीत विपुल असते; एकंदर प्रथिनांत शंभरात एकदोन भाग तिचाच. आणि तिच्या अवतीभोवती लहान लहान सोबती वावरतात. कोणी आश्रित प्रथिनाला तिच्यापर्यंत आणून पोचवतो, कोणी तिचे काम भराभर आवरते घेतो, कोणी तिला आणखी थोडे थांबवून धरतो. एएचए-1 हा घाई करणारा, म्हणजे माझ्या जातीचा. पी-23 हा थांबवून धरणारा. पाठराखिणीने दोन्ही हात मिटून प्रथिनाला कवेत घेतले की पी-23 तिच्या हातांना बिलगतो आणि मिठी लवकर सुटू देत नाही.

माझ्या आयुष्याची बारा वर्षे या पी-23 ने खाल्ली. तो अगदी लहान आहे, एकशेसाठ दुव्यांचा. कोंबडीच्या बीजवाहिनीत प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहकाबरोबर एक छोटेसे प्रथिन नेहमी सापडते, असे अमेरिकेत डेव्हिड टॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, आणि 1994 मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले. नावातला तेवीस हा आकडा त्याच्या वजनाचा; पण तोही फसवा आहे. प्रत्यक्षात ते एकोणीस हजार डाल्टनांच्या आसपास भरते. जेलमधून सरकताना जरा रेंगाळते, म्हणून तेवीस हजारांच्या जागी उभे राहते. या रेंगाळणाऱ्या पोराचे महत्त्व किती? 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या उंदरांच्या पिल्लांत हे प्रथिन मुळीच नव्हते ती जन्मतःच दगावली. त्यांची फुप्फुसे कच्ची राहिली होती. अपुऱ्या दिवसांची बाळंतीण आली की बाळाची फुप्फुसे पिकावीत म्हणून डॉक्टर तिला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्या स्टिरॉइडची हाक ऐकणारे प्रथिन पेशीत तयार राहावे, यासाठी एचएसपी-90 आणि हा पी-23 यांची सोबत लागते.

आता अडचण ही, की जो माणूस कोणत्याही छायाचित्रात सापडत नाही तो तेथे होता हे सिद्ध कसे करावयाचे? आत्या अमक्या घरी गेली होती, याला पुरावा काय? तिचा चेहरा ओळखणारा साक्षीदार शोधावयाचा. प्रयोगशाळेत हे साक्षीदाराचे काम अँटिबॉडी करते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला प्रतिपिंड म्हणतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचा उतारा केला तो याच तत्त्वावर : परके द्रव्य अंगात टोचले की प्राण्याचे रक्त ते द्रव्य ओळखणारी प्रतिपिंडे बनवते. विषाच्या जागी पी-23 चा तुकडा आणि घोड्याच्या जागी ससा घ्यावा, की पी-23 ओळखणारा साक्षीदार कुपीत भरून मिळतो. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे पेशींकडून अखंड करून घेण्याची युक्ती काढली. तिचे त्यांनी पेटंटही घेतले नाही, आणि तेव्हापासून या कुप्यांचा जगभर मोठा व्यापार सुरू झाला. आमची कुपी सशाचीच होती. तीत एका चमच्याचा पन्नासावा भाग द्रव असेल, आणि किंमत तीस हजारांच्या पुढे.

साक्ष दोन प्रकारे काढतात. पहिल्या प्रकारात पेशी साबणासारख्या द्रावणात उकळून सगळी प्रथिने मोकळी करावयाची आणि विजेच्या जोरावर एका जेलमधून पळवावयाची, म्हणजे ती आपापल्या वजनाप्रमाणे रांगेत उभी राहतात. मग ती रांग जशीच्या तशी एका कागदावर उतरवून घ्यावयाची. या रीतीला 'वेस्टर्न' म्हणतात. तिचा पश्चिम दिशेशी काही संबंध नाही. डीएनएसाठी अशी रीत प्रथम काढली ती एडविन सदर्न यांनी. त्यांचे आडनावच 'दक्षिणेचा' असल्यामुळे पुढच्यांनी थट्टेने उत्तर आणि पश्चिमही आणल्या. तो कागद आधी दुधात भिजवतात, अगदी घरच्या चहाला चालेल अशा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत, म्हणजे साक्षीदार कागदालाच चिकटून बसत नाही. सशाचा साक्षीदार जेथे बसला ती जागा दाखवण्यासाठी बकरीचे प्रतिपिंड लागते, आणि त्या बकरीच्या प्रतिपिंडाला हॉर्सरॅडिश नावाच्या विलायती मुळातले एक विकर जोडलेले असते. या मुळाची चव आपल्या शेवग्याच्या मुळासारखी. म्हणून तर इथल्या साहेबलोकांनी शेवग्याला 'हॉर्सरॅडिशचे झाड' म्हटले. ससा, बकरी, दूध आणि मूळ एवढी सामग्री जमली की कागदावर एक काळा पट्टा उमटतो. दुसऱ्या प्रकारात पेशींना न उकळता त्या काचेवर जागच्या जागी स्थिर करतात, आणि साक्षीदाराच्या अंगाला चमकणारा रंग लावून त्याला आत सोडतात. तो जेथे बसेल तेथे हिरवा प्रकाश. पहिली रीत ओळखपरेडीची, उंचीप्रमाणे उभे केलेल्या माणसांतून बोट दाखवण्याची. दुसरी भर जत्रेत हाक मारण्याची.

माझ्या भिंतीवरचे चित्र या दुसऱ्या रीतीचे. पेशींना ऊब दिली की पी-23 केंद्रकात गोळा होतो, असे ते सांगत होते. त्यावर मी निबंध लिहिला. तो बऱ्यापैकी नियतकालिकात आला. दोनतीन परिषदांत मला बोलावणे आले. त्याच पायावर पुढचा मजला चढवण्याचे काम मी एका विद्यार्थिनीला दिले : पी-23 केंद्रकात जाऊन करतो काय? दोन वर्षे ती मुलगी हे शोधीत होती आणि तिला काही सापडत नव्हते. मी म्हणे, हात सफाईने चालत नाहीत. ती काही बोलत नसे.

एके दिवशी तिने विचारले, "सर, ज्या पेशींत पी-23 नाहीच, त्यांवर ही अँटिबॉडी एकदा लावून बघू का?" जनुक नेमके कापून काढण्याची क्रिस्पर नावाची कात्री 2012 पासून हाताशी आहे, आणि शहरातल्याच एका संशोधनसंस्थेतील स्नेह्यांकडे तशा पेशी तयार होत्या. मी म्हणालो, "कशाला? पट्टा बरोबर तेविसाच्या जागी येतो ना? मग?" हे उत्तर मी कोणत्याही परीक्षेत विद्यार्थ्याकडून ऐकून घेतले नसते. साक्षीदाराने खरा माणूस ओळखला, एवढ्यावरून तो दुसऱ्या कोणाला तोच समजणार नाही, हे ठरत नाही. पण साक्ष आपल्या बाजूची असली म्हणजे उलटतपासणी घेणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

पंधरवड्याने ती माझ्या दारात उभी राहिली. हातात कागदाचे छायाचित्र होते. ती म्हणाली, "सर, मी कागद कापला नाही."

याचा अर्थ वाचकांना सांगितला पाहिजे. अँटिबॉडी महाग, म्हणून आमच्याकडे रिवाज असा, की सबंध कागद भिजवावयाचा नाही. तेविसाच्या अलीकडची पलीकडची दोन बोटे रुंदीची पट्टी कापून घ्यावयाची आणि तेवढ्यावरच ते मौल्यवान द्रव्य घालावयाचे. या काटकसरीचा मला अभिमान होता. त्या मुलीने सबंध कागद भिजवला होता. तेविसाच्या जागचा पट्टा साध्या पेशींत होता आणि पी-23 नसलेल्या पेशींत साफ नाहीसा झाला होता. तेथवर साक्षीदार खरा. परंतु वर, सत्तर हजारांच्या आसपास, आणखी एक पट्टा होता, जाड आणि काळाभोर. तो दोन्ही पेशींत होता, आणि ऊब दिलेल्या पेशींत तर अधिकच गडद होता. मग तिने दुसरे छायाचित्र पुढे केले. त्यात काळ्या रात्री हिरवे चंद्र उगवले होते. माझ्या भिंतीवरच्याइतकेच सुंदर. खाली तिच्या अक्षरात लिहिले होते : पी-23 नसलेल्या पेशी.

ओळखपरेडीला मी एकाच उंचीची माणसे बोलावीत आलो होतो. जत्रेत उंचीची रांग नसते. तेथे साक्षीदार ज्याच्या गळ्यात पडला त्यालाच मी पी-23 समजलो.

त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघाले ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "एवढी अँटिबॉडी वाया घालवलीस?" ती खाली मान घालून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, मी चारदा केलं. तुम्हाला दाखवण्याआधी चारदा केलं."

रात्री जेवण गेले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, "अहो, बरं वाटत नाही का?" मी प्रकृतीवर ढकलले. मला राहून राहून एक जुनी संध्याकाळ आठवत होती. सहा वर्षांपूर्वी ती कुपी नवी आली, तेव्हा पहिला कागद सबंधच भिजवला होता. त्या वेळच्या विद्यार्थ्याने मला दाखवला होता. त्यावर तो वरचा पट्टा होता. आणि मी त्याला म्हणालो होतो, "वरचा उगाच गोंधळ करतोय, पुढच्या वेळी कापून टाक." काटकसर मागाहून आली. आधी आले ते कापणे. एवढी वर्षे मी ही गोष्ट विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे आहे. पण विसरलेली गोष्ट इतक्या तपशिलाने, दिव्याच्या उजेडासकट, आठवत नसते.

निजताना आत्याचे खाकरणे आठवले. नवरीचा हात भलत्या डब्याकडे जाऊ लागला म्हणजे ती खाकरे, ते इतके हळू, की ते फक्त नवरीलाच ऐकू जावे. त्या मुलीने मला चारचौघांत न बोलता, दार लोटून घेऊन ते कागद दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी मी नियतकालिकाच्या संपादकांस पत्र लिहिले. त्याचा मसुदा पाच वेळा झाला. पहिल्या चार मसुद्यांत कुपी बनवणाऱ्या मंडळींचा दोष पुष्कळ होता आणि माझा थोडा. पाचव्यात मी कापलेल्या कागदाची गोष्ट लिहिली. काही महिन्यांनी दुरुस्तीचे टिपण छापून आले आणि ते चित्र मागे घेतले गेले. ज्यांनी माझ्या निबंधाचा आधार घेऊन काम केले होते त्यांच्यापैकी एकाचे पत्र आले. ते सभ्य होते, पण त्यात त्यांच्या विद्यार्थ्याने घालवलेल्या महिन्यांचा हिशेब होता. 2023 मध्ये माँट्रियलहून चालणाऱ्या एका गटाने 65 मानवी प्रथिनांवरच्या 614 अँटिबॉडी याच कसोटीला, म्हणजे ते प्रथिन नसलेल्या पेशींवर, लावून पाहिल्या. ज्या साक्षीदाराला आपले प्रथिन ओळखताच येत नाही त्याच्या भरवशावर दर प्रथिनामागे सरासरी बाराएक निबंध छापले गेल्याचे त्यांना आढळले. एका स्नेह्याने माझे समाधान करण्यासाठी हे मला मुद्दाम वाचून दाखवले. गर्दीत उभे राहिल्याने अपराध हलका होतो असे त्याला वाटत असावे.

खरी किंमत त्या मुलीने भरली. तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणे गेली आणि एक वर्ष वाढले. छात्रवृत्तीची मुदत संपली होती. सकाळी एका शिकवणीच्या वर्गात शिकवून ती अकरा वाजता प्रयोगशाळेत येई. मी काही मदत देऊ केली तेव्हा ती म्हणाली, "नको सर, होईल." तिने दुसरी अँटिबॉडी आणवली, तिची परीक्षा आधी घेतली आणि मग पेशींना ऊब दिली. पी-23 केंद्रकात गोळा होतो असे काही दिसले नाही. जेथे होता तेथेच तो होता, पेशीभर विखुरलेला, फिकट, डोळ्यांत भरेल असा कोठेच नाही. भिंतीवर टांगण्याजोगे ते चित्र नव्हे. तिने ते प्रबंधात घातले.

जुन्या कुपीत अजून थोडा द्रव शिल्लक आहे. तो ओतून टाकणे माझ्या स्वभावाला मानवत नाही, आणि तेविसाच्या पट्ट्यापुरती त्याची साक्ष चालते. उणे वीस अंशांच्या शीतपेटीत, दुसऱ्या खणात, ती कुपी उभी आहे. जाण्यापूर्वी त्या मुलीने तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे : "चित्रांसाठी वापरू नये. कागद कापू नये." दुसऱ्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या आहेत.